स्थलांतर आणि वृद्धापकाळातील आरोग्य-विषमता

आपला मुलूख सोडून दुसरीकडे राबलेली माणसे म्हातारी होतात, तेव्हा त्यांची तब्येत तिथल्याच समवयस्कांपेक्षा वेगळी का असते, याचा शोध घेणारी ही अभ्यासशाखा आहे. लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि साथरोगशास्त्र यांच्या सीमेवर ती उभी आहे. पीएच.डी.नंतरच्या संशोधनवृत्तीवर काम करणाऱ्या अनेक तरुण अभ्यासकांनी हा विषय अलीकडे हाती घेतला आहे. त्याची खरी मेख मोजणीत आहे: कोण आले, कोण परत गेले आणि कोणाचा मृत्यू कुठल्या देशाच्या वहीत चढला, हे कळल्याशिवाय यातला कुठलाही आकडा वाचता येत नाही.

सुरुवात एका कोड्याने होते. स्थलांतरित माणसे बहुधा गरीब, कष्टाच्या कामातली आणि दाटीवाटीच्या वस्तीत राहणारी असतात. तरीही बऱ्याच देशांत त्यांचा मृत्युदर स्थानिकांपेक्षा कमी दिसतो. एक कारण उघड आहे. आजारी माणूस सहसा घर सोडत नाही, आणि सोडले तरी त्याला कोणी घेत नाही. पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी मजूरभरतीचे करार केले. इस्तंबूलच्या जर्मन भरती कार्यालयात उमेदवारांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे करून दात, रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे तपासत. दात किडका निघाला तरी जाणे अडू शकत असे. एवढ्या चाळणीतून उतरलेला पंचविशीतला गडी जर्मनीतल्या सरासरी माणसापेक्षा धडधाकट निघाला, यात नवल नाही. याला ‘निरोगी स्थलांतरित परिणाम’ म्हणतात.

10 सप्टेंबर 1964 रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर आर्मांदो रॉद्रिगेस द सा हा पोर्तुगीज सुतार गाडीतून उतरला. दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ म्हणून त्याचा सत्कार झाला आणि त्याला एक मोपेड भेट मिळाली. ती आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. पुढची हकीकत त्या सत्काराच्या फोटोत नाही. काही वर्षांनी तब्येत ढासळली तसा तो गावी परतला. पोटाच्या कॅन्सरवरच्या उपचारांत त्याची जर्मनीतली कमाई संपली. तिथल्या आरोग्यविम्यावर आपला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. 1979 मध्ये, पन्नाशीच्या सुरुवातीलाच तो वारला. त्याच्या मृत्यूची नोंद पोर्तुगालमध्ये झाली. जर्मनीच्या मृत्युदरात तो कुठेच नाही.

अंडी घालून मरायला जन्मनदीत परतणाऱ्या सॅमन माशावरून अभ्यासक या प्रकाराला ‘सॅमन परिणाम’ म्हणतात. आजारी माणूस माघारी गेला की मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. त्यात नोंदवहीचा घोळ मिसळतो. जाताना नाव न कमी करता गेलेला माणूस यादीत वर्षानुवर्षे जिवंतच राहतो. 2011 च्या जर्मन जनगणनेत परदेशी नागरिक धरलेल्या संख्येपेक्षा सुमारे 11 लाखांनी कमी भरले. मृत्यूंच्या आकड्याला ज्या लोकसंख्येने भागतात तो छेद असा फुगलेला असला की मृत्युदर खोटा कमी येतो, आणि उतारवयात ही चूक सर्वांत जास्त दिसते. निवृत्तिवेतन विम्याच्या नोंदी वापरून तिथल्या वृद्ध परदेशी पुरुषांचा हिशोब पुन्हा मांडला गेला, तेव्हा त्यांची आघाडी बरीच ओसरली.

पण सगळेच कोडे वहीतल्या चुकीने सुटत नाही. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांच्या कमी मृत्युदराकडे मार्किडीस आणि कोरील यांनी 1986 मध्ये लक्ष वेधले होते. तो सॅमन परिणामामुळेच कमी दिसतो का, याची चाचणी 1999 मध्ये आब्राइदो-लान्सा आणि सहकाऱ्यांनी घेतली. क्यूबातून आलेल्यांना सहज परत जाता येत नाही. पोर्तो रिकोला परतलेल्यांचे मृत्यू अमेरिकेच्याच आकडेवारीत धरले जातात. या दोन्ही गटांतही मृत्युदर कमीच निघाला. नेमक्या गटांच्या निवडीने एवढे सांगता येते, म्हणून या विषयातला हा मला सर्वांत देखणा अभ्यास वाटतो.

मात्र जास्त जगणे म्हणजे धड जगणे नव्हे. युरोपात 2004 पासून पन्नाशीपुढच्या लोकांचे ‘शेअर’ हे सर्वेक्षण चालते. त्यात वयस्क स्थलांतरितांची तब्येत एकंदरीत स्थानिकांपेक्षा खालावलेली आढळली आहे. तरुणपणीची आघाडी पाळ्या, ओझी, धूळ आणि परकी भाषा यांत झिजत जाते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत लागला, गाळ्यात वळकटी टाकून राहिला आणि थकला की गावी परतला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती दाटते. कामावर असताना ती पुढे सुटते, पण वर्षानुवर्षे धूळ खाल्ली की दम कायमचा लागतो. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर हजारो जणांची नोकरी गेली, आणि कित्येकांनी ती छाती घेऊन गावची वाट धरली. मुंबईच्या धुळीचा खोकला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पडवीत ऐकू येऊ लागला.

भारतात या प्रश्नाला मोठा आधार ‘लासी’ या सर्वेक्षणाचा आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये त्याची पहिली फेरी पार पाडली आणि पंचेचाळिशीपुढच्या 72,000 हून अधिक लोकांची माहिती गोळा केली. प्रश्नांसोबत रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद आणि फुप्फुसांची क्षमताही मोजली. हे मोजणे गरजेचे असते, कारण ‘तब्येत कशी आहे?’ याचे उत्तर भाषेत अडकते. आपल्याकडे ‘बरं आहे’ हे ठणठणीत माणूसही म्हणतो आणि अंथरुणाला खिळलेलाही. पकडयंत्र दाबताना मात्र हात जेवढा जोर लावतो तेवढाच काटा सरकतो.

हंगामी स्थलांतर या मापांतून सर्वाधिक निसटते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. कमी वयात गर्भाशय काढलेल्या या बायकांचा प्रश्न पुढे आल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पाळीशी निगडित संप्रेरके अचानक थांबतात आणि हाडे कित्येक वर्षे आधीच ठिसूळ होऊ लागतात. उसाची मोळी मात्र डोक्यावरून उतरत नाही. पंचेचाळिशीपासून मोजणी सुरू करणाऱ्या सर्वेक्षणाला अशा बाईच्या म्हातारपणाची सुरुवात सापडत नाही, कारण ती तिशीतच होऊन गेलेली असते.