सरळ कट की व्ही कट? दोन्ही कटर दिसायला सेमच, म्हणून हा घोळ

मावसभाऊ दुबईहून आला तेव्हा दोन सिगार कटर घेऊन आला, म्हणाला दादा तुला हवा तो ठेव, दुसरा मी नेतो. दोन्ही चपटे, मधे भोक, दोन्ही चिमटीत दाबायचे. मला आधी वाटलं एकाच डिझाइनचे दोन रंग आहेत. मग दाबून बघितलं तर एकात दोन्ही बाजूंनी सरळ पाती येऊन मधे एकमेकांवरून सरकतात, तो गिलोटिन. आणि दुसऱ्यात एकच पातं, तेही मधोमध दुमडलेलं, आणि समोर वाटीसारखा खोलगटपणा, तो व्ही कटर.

आता मुळात कापायचं काय हे माहीत नसेल तर दोन्ही कटर वायाच आहेत. सिगारचं जे टोक तोंडात धरतो तिथे पानाचाच एक छोटा तुकडा डिंकाने चिकटवून टोपीसारखा बसवलेला असतो, त्याला कॅप म्हणतात, आणि बाहेरचं गुंडाळलेलं पान सुटू नये म्हणून तोच धरून ठेवतो. नीट बघितलं तर टोकाचा गोलावा संपून सिगार सरळ व्हायला लागतो तिथे एक बारीक रेघ दिसते, त्या रेघेच्या वरच कापायचं, साधारण दीड-दोन मिलिमीटर. मी पहिल्यांदा गवार मोडल्यासारखं जवळजवळ सेंटीमीटरभर उडवलं होतं 😄 पाच मिनिटांत वरचं पान उलगडायला लागलं आणि उरलेला वेळ मी ते बोटाने दाबून धरण्यातच घालवला.

गिलोटिनने कॅपचा माथा पूर्ण उडतो, तोंड मोठं उघडतं, धूर मोकळा येतो, पण तंबाखूचे तुकडेही जिभेवर येतात. व्ही कटर माथा तसाच ठेवून मधून एक घळ पाडतो, कलिंगडाची फोड काढून बघतात ना तशी, फक्त इथे आरपार. कॅपच्या कडा जागेवर राहतात म्हणून पान सुटायची भीती कमी, आणि वाटीमुळे सिगार ठरावीक खोलीपेक्षा आत जातच नाही, त्यामुळे नवशिक्याला चूक करायला वाव कमी. हे वाचून वाटेल की मग व्हीच घ्यावा, पण थांबा.

सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक गेज म्हणजे इंचाचा 64 वा भाग, म्हणजे 50 गेजचा रोबुस्टो (सिगारचा एक आखूड, जाडसर आकार) जवळजवळ 20 मिलिमीटर जाड. व्ही कटर या मधल्या जाडीला मस्त चालतो. 38-40 च्या बारीक सिगारला तीच घळ फार मोठी पडते, डोकंच चिरतं, आणि 60 च्या जाड्याला अपुरी वाटते. गिलोटिनला फक्त भोक पुरेसं मोठं हवं, बास. निमुळत्या टोकाच्या टॉर्पेडोला तर गिलोटिनच सोयीचा, आधी थोडं कापा, ओढून बघा, घट्ट वाटलं तर अजून थोडं. आणि व्ही मारल्यावर धूर नीट येत नसेल तरी शेवटी सरळ कट मारूनच सुटका होते, उलटं मात्र करता येत नाही, उडालेल्या डोक्यात घळ कुठे पाडणार.

म्हणून एकच घ्यायचा असेल तर माझं मत गिलोटिन, पण दोन पात्यांचाच. एका पात्याचा स्वस्त मिळतो तो म्हणजे आजीचा अडकित्ता, पातं एका बाजूने येतं आणि माल समोरच्या दांड्यावर दाबला जातो. सुपारी कडक म्हणून तिथे ठीक, इथे पानं चेपतात आणि पलीकडच्या बाजूला फाटतात.

वापरायची एक ट्रिक, कटर टेबलावर आडवा ठेवायचा, सिगार डोक्यावर उभा करून भोकात टेबलाला टेकवायचा आणि दाबायचं. टेबलच अडवतं, त्यामुळे जास्त कापलं जात नाही. दाबताना मात्र एका झटक्यात, हळूहळू दाबलं की पान चुरगळतं. पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कॅप तडकते, तेव्हा आधी ओठाने जरा ओलसर करून घ्या. व्ही कटरच्या आत तंबाखूचा चुरा अडकतो तो काडीने काढत जा, बोट घालू नका, आणि धार गेली की घरी लावणं जवळपास अशक्य, दुमडलेल्या पात्याला दगड लागणार कुठे.

मी गिलोटिन ठेवला, भाऊ व्ही घेऊन गेला. येताना त्रिचीचे चिरूट पण आणतो म्हणालाय, चिरूट शब्दच मुळात तमिळमधल्या सुरुट्टुवरून आलाय. त्याची दोन्ही टोकं आधीच उघडी असतात, त्याला कुठलाच कटर लागत नाही.