रॅमच्या पट्टीवरचा एक 'एल'

भाचीच्या जुन्या लॅपटॉपला चार जीबी रॅम पुरेना. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की यंत्र धापा टाकायचं. रॅम डीडीआर३ पिढीची आहे एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्या ज्ञानावर एक वापरलेली पट्टी आणली. रिकाम्या स्लॉटमध्ये ती टक्कन बसली. बटण दाबलं, तर स्क्रीन काळी आणि नुसते बीप!

खरं तर चुकीच्या पिढीची रॅम बसूच नये अशी सोय केलेली असते. पट्टीच्या सोनेरी कडेला एक खाच असते आणि ती प्रत्येक पिढीत थोडी सरकते. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ ला मात्र दोन्हीकडे २८८ पिना, तिथे वेगळेपण खाचेवरूनच कळतं. माझी पट्टी तर बसली होती. मग बिनसलं कुठे?

दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून लेबलं वाचली. जुनीवर छापलं होतं '४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस'. नवीवरही तेच, फक्त 'एल' नव्हता.

त्या एका अक्षरात सगळी गोम. साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर, 'एल'वाली १.३५ वर. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याला स्विचसारखा एक ट्रान्झिस्टर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळे बिट पुन्हा भरून घ्यावे लागतात. भरण्या-उपसण्याला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे १.५ वरून १.३५ वर उतरलं की ती सुमारे १९ टक्के घटते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही बचत मोठीच. 'एल'वाली पट्टी १.५ व्होल्टही खपवून घेते. साधी पट्टी १.३५ वर चालेलच याची हमी नाही. खाच मात्र दोघींची एकाच जागी. म्हणून मी फसलो.

लेबलावरचं बाकीचंही वाचण्याजोगं आहे. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. १२८०० हा सेकंदाला मेगाबाइटमधला वेग. पट्टी एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते. १२८०० ला ८ ने भागा, १६०० येतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडलात, तर परफॉर्मन्समधल्या मेमरीखाली हाच आकडा दिसतो, आणि किती स्लॉट भरलेत तेही. १६०० दिसले तर बहुधा डीडीआर३, २४०० किंवा ३२०० असतील तर डीडीआर४, ४८०० च्या पुढे डीडीआर५. सीपीयू-झेड या यंत्राची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ८०० च्या आसपास आकडा दिसतो आणि लोक दुकानदाराशी भांडायला निघतात. भांडू नका. डीडीआर म्हणजेच घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती देणारी रॅम, तेव्हा ८०० दुणे १६००.

ही माहिती सॉफ्टवेअरला कळते कशी? पट्टीवर एक इवलीशी वेगळी चिप असते, एसपीडीची, म्हणजे पट्टीची ओळख जपणारी. वीज गेली तरी तिच्यातली माहिती टिकते. यंत्र सुरू होताना मुख्य रॅम अजून वापरण्याजोगी नसते. तेव्हा बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा प्रोग्रॅम, एका संथ वेगळ्या वाटेने या चिपला आधी विचारतो, 'बाई, तू कोण?' तिच्या तिसऱ्या बाइटमध्ये पिढीचा आकडा असतो: डीडीआर३ साठी ११, डीडीआर४ साठी १२, डीडीआर५ साठी १८. व्होल्टेजही याच चिपमध्ये नोंदलेलं. लिनक्सवाल्यांनी डीएमआयडीकोड ही आज्ञा चालवली की बायोसने करून ठेवलेल्या नोंदी मिळतात, पेचकस न उचलता.

हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे प्रकार शोधलात तरी ती बदलता येत नाही.

दुकानदाराने पट्टी बदलून दिली. देताना लेबलावर नख ठेवून म्हणाला, "काका, एल बघून न्यायची."