लढाईत जखमी झालात, पण पराक्रम पदक राहून गेलं? माजी सैनिक आणि कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या साताऱ्याच्या दुकानात पदकं माउंट करायला (म्हणजे एका पट्टीवर ओळीने बांधायला), रिबन बदलायला आणि फ्रेम करायला जिल्हाभरातून फौजी येतात. टेबलावर पदकं मांडली की माणूस कुठे लढला ते दिसतं. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर १९७१ची पूर्वेची आघाडी, ऑपरेशन विजय स्टार असेल तर कारगिल. बोलता बोलता कुणी बाही वर करून गोळीची खूण दाखवतो, पण समोरच्या पदकांत पराक्रम पदक नसतं. विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: “राहिलं ते. आता काय करायचंय त्याचं?”

आमचं म्हणणं आहे की करावं. त्यासाठीच हे पत्रक काढलं आहे.

पराक्रम पदक, म्हणजे जुने लोक ज्याला वूंड मेडल म्हणतात ते, शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. युद्ध असो वा दहशतवाद्यांविरुद्धची मोहीम, दोन्ही चालतात. जवान आणि अधिकारी असा भेद नाही. हे शौर्य पदक नाही, त्यामुळे शिफारस किंवा मोठी कामगिरी लागत नाही. “मी काही विशेष केलं नव्हतं, नुसता स्प्लिंटर लागला” असं म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. स्प्लिंटर शत्रूच्या तोफेचा होता ना? मग पुरे आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बर्फाने बोटं गेली, गाडी दरीत गेली, हिमस्खलनात सापडलो, सरावात लागलं, ही दुखणी काही कमी नाहीत. पण ती शत्रूच्या हातून झालेली नसल्याने त्यांवर हे पदक मिळत नाही. आपल्याच बाजूच्या सुरुंगावर पाय पडला असेल तर प्रकरण नोंदीच्या शब्दांवर अडतं. अशांनी आधी कागद दाखवावेत, मगच आशा धरावी.

मुळात राहतं कसं?

जखमी जवान त्याच दिवशी पलटणीपासून तुटतो. आधी फील्ड हॉस्पिटल, मग बेस हॉस्पिटल, पुढे पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा कृत्रिम अवयव केंद्र. पलटण पुढे सरकते, कागद करणारा क्लार्क बदलतो, जवान मेडिकल कॅटेगरी खाली येऊन दुसऱ्या युनिटला जातो किंवा बोर्डआउट (वैद्यकीय कारणाने सेवामुक्त) होऊन घरी येतो. पदकाचा प्रस्ताव एका जागी आणि माणूस दुसऱ्या जागी. एकट्या कारगिलमध्ये १,३६३ जण जखमी झाले. अशा गर्दीत एखाद्याचा कागद मागे राहिला, तर ती त्या जवानाची चूक नव्हे.

आधी तीन प्रश्न विचारा

“मला पदक द्या” असा एका ओळीचा अर्ज करू नका. त्याला तसंच एका ओळीचं उत्तर येतं. रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारा: माझ्या सेवा अभिलेखात या तारखेच्या जखमेची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत जखमी) अशी आहे का? पराक्रम पदकाची पार्ट टू ऑर्डर (सेवा अभिलेखात नोंद करणारा अधिकृत आदेश) निघाली होती का, असल्यास तिचा क्रमांक आणि तारीख काय? आणि पदक प्रत्यक्ष पाठवलं गेलं का?

या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. ऑर्डर निघाली आहे आणि नुसतं पदक पोचलं नाही, असं असेल तर काम सोपं. जखमेची नोंद आहे पण ऑर्डर नाही, तर ऑर्डर काढण्याची विनंती करायची. नोंदच नसेल तर खरी लढाई तिथे आहे. मग हॉस्पिटलचे कागद, इंज्युरी रिपोर्ट, मेडिकल बोर्डाची कार्यवाही यांतून ती जखम सिद्ध करावी लागते. पलटणीच्या वॉर डायरीचा (युद्धकाळातल्या रोजच्या नोंदवहीचा) संदर्भ तपासण्याची विनंतीही अर्जात करावी.

अंगावरची खूण खरी असते, पण ऑफिस खुणेवर चालत नाही. त्या वेळी लिहिलेला कागद सगळ्यात भारी. त्याखालोखाल तेव्हाच्या कंपनी कमांडरचं पत्र. सोबत लढलेल्या मित्राचं प्रतिज्ञापत्र जरूर जोडा, फक्त त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. आणि ते लवकर घ्या. १९७१ला बांगलादेशातल्या जमालपूरला जंगी पलटणीत (पहिली मराठा लाइट इन्फंट्री) विशीतले असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

पेन्शन न मिळता घरी आलेल्यांनी तर अजिबात थांबू नये. नियमाप्रमाणे बिगरपेन्शनर जवानाचे सेवा कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट केले जातात आणि लाँग रोलमधली (जवानांच्या कायम नोंदवहीतली) त्रोटक नोंद तेवढी उरते. अशा वेळी घरातल्या पत्र्याच्या पेटीतली हॉस्पिटलची चिठ्ठी हाच एकमेव पुरावा ठरू शकतो. पेटी साफ करताना पिवळा पडलेला एकही कागद टाकू नका. सुना-नातवंडांनाही हे सांगून ठेवा.

अर्ज कुठे?

ज्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे तुम्ही, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचे अभिलेख मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर उत्तम, कारण तिथे आवक-जावक क्रमांक पडतो आणि मागे लागता येतं. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत असावा. आर्मी नंबर, हुद्दा, तेव्हाचं युनिट, जखमेची तारीख, जागा आणि कुठल्या हॉस्पिटलात होतात, एवढं ठळक हवं. जवान हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. वारस असल्याचा पुरावा सोबत लागतो.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. वरचे तीन प्रश्न जसेच्या तसे विचारा. नकार आला तर तो तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे आणि तिथे जायचं तर अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. ते काम वकिलाचं. आम्ही त्यात पडत नाही.

पैशांबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. या पदकामागे शौर्य पदकासारखा दरमहा भत्ता नाही. वॉर इंज्युरी पेन्शनचा दावा वेगळा, त्याचे नियम वेगळे. मात्र पदकासाठी शोधलेले कागद तिथेही कामी येतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती काढा. “पदक हमखास मिळवून देतो” म्हणून कुणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर त्याला एक रुपया देऊ नका.

आमच्याकडून काय मिळेल

कागद वाचून तुमचं प्रकरण वर सांगितलेल्या तिन्हीपैकी (ऑर्डर आहे, नुसती नोंद आहे, नोंदच नाही) कुठल्या प्रकारात बसतं ते सांगणं आणि अर्ज लिहून देणं, याचे आम्ही पैसे घेत नाही. माउंटिंग आणि फ्रेमचे घेतो. सरकारी पदकांचा पुरवठा वर्षानुवर्षं मागे पडत आल्याने नोकरीतले जवानही बाजारातली पदकं लावतात. त्यात गैर काही नाही, कारण नोंद त्यांच्या नावावर असते. पराक्रम पदकाची प्रत मात्र आम्ही पार्ट टू ऑर्डर किंवा रेकॉर्ड ऑफिसचं पत्र पाहिल्याशिवाय देत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. ज्याने खरोखर रक्त सांडलं, त्याच्या पदकाची किंमत आम्हाला राखायची आहे.

पदक मिळाल्यावर ते पट्टीच्या टोकाला जोडून चालत नाही. मानक्रमात पराक्रम पदक पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, ऑपरेशन विजय स्टार, संग्राम पदक या सगळ्यांच्या आधी येतं, म्हणजे छातीच्या मधल्या बाजूला. त्यासाठी सगळी पट्टी उकलून नव्याने बांधावी लागते. तुमचा अर्ज चालू असेल तर आत्ता माउंटिंग करून घेताना सांगा, आम्ही पट्टी एका पदकाची जागा धरून बांधू.

येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि हॉस्पिटलचे असतील ते कागद, सगळ्यांच्या झेरॉक्स आणा. मुळ प्रती घरीच राहू द्या. चालणं जमत नसेल तर मुलाला किंवा नातवाला पाठवा, फक्त आर्मी नंबर आणि जखमेची तारीख कागदावर लिहून द्या.