सस्पेंड फसलं का पॉवर मॅनेजर पडला? आधी एवढं तरी बघा

"लिनक्सवर लॅपटॉप झोपेतून उठवला की पॉवर मॅनेजमेंट क्रॅश होतं" एवढंच लिहून लोक मोकळे होतात आणि खाली लगेच सल्ले सुरू, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदल, बायॉस अपडेट कर, बूटला एसीपीआय (वीज आणि झोप सांभाळायला हार्डवेअरशी बोलण्याची व्यवस्था) बंद करून बघ. हा शेवटचा सल्ला देणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, एसीपीआयच बंद केलं तर सस्पेंड करणार कशाच्या जोरावर? अरे पण नक्की मेलं काय ते तरी विचारा आधी.

सस्पेंड आणि हायबरनेट यातला फरक इथे उगाळत नाही, एकात रॅमला वीज चालू राहते, दुसऱ्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवतात, झालं.

खरा घोळ पुढेच आहे. मशीन झोपवणं-उठवणं हे कर्नल आणि ड्रायव्हरचं काम, सिस्टमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांवर, त्यातली लॉगिनडी नावाची सेवा त्याला फक्त "झोप" म्हणून सांगते. पॉवर मॅनेजर, म्हणजे एक्सएफसीई डेस्कटॉपचा असो नाहीतर केडीई डेस्कटॉपचा पॉवरडेव्हिल, हा तुमच्या लॉगिनमध्ये चालणारा एक साधा प्रोग्राम आहे, बॅटरीचे आकडे यूपॉवर नावाच्या सेवेकडून घ्यायचे, ब्राइटनेस सांभाळायचा, झाकण मिटल्यावर काय करायचं ते बघायचं. तो पडला तरी मशीन उठलेलं असतं, माउस हलतो, ब्राउझर चालतो, फक्त बॅटरीचं चिन्ह गायब आणि ब्राइटनेसची बटणं ढिम्म. उलट रिझ्यूम, म्हणजे झोपेतून उठणंच, फसलं तर काळी स्क्रीन, कॅप्स लॉक दाबला तरी दिवा लागत नाही, पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही.

आणि तरीही लोक का फसतात? कारण डीमेसेजमध्ये पॉवर मॅनेजरच्या नावापुढे "सेगफॉल्ट" दिसतं आणि डीमेसेज म्हणजे कर्नलचा लॉग, म्हणून दोष कर्नलचा असं धरून चालतात. अहो, या प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला म्हणून त्याला हाकललं, एवढीच नोंद कर्नल करतोय! पंचनामा लिहिणाऱ्यालाच आरोपी कसलं करताय? त्याच लॉगमध्ये थोडं वर "पीएम: सस्पेंड एंट्री" आणि मग "पीएम: सस्पेंड एक्झिट" शोधा. एक्झिटची ओळ आहे, सेगफॉल्ट तिच्यानंतर आहे आणि डेस्कटॉप नीट चालतोय, तर कर्नलच्या मागे लागू नका. मशीनच अडकलं असेल तर बंद-चालू केल्यावर जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) आधीच्या बूटचा लॉग उघडावा लागतो, लोक चालू बूटचा लॉग चिकटवतात आणि म्हणतात काहीच सापडत नाही.

झाकणाचा प्रकार तर अजून गमतीचा. पॉवर मॅनेजर जिवंत असताना लॉगिनडीला सांगून ठेवतो की झाकणाचं मी बघतो. तो मेला की हे कुलूप आपोआप सुटतं आणि लॉगिनडी स्वतःच्या सेटिंगवर जाते, जे डीफॉल्टला सस्पेंड असतं. म्हणून "झाकण मिटल्यावर काही करू नको" असं ठेवूनही मशीन झोपतं आणि लोक त्याला दुसरा बग समजतात.

पॉवर मॅनेजर पडला की लगेच उठवणारी स्क्रिप्ट लावून वर "सॉल्व्ह्ड" लिहिणारे माझ्या डोक्यात जातात. तुमच्याकडे कोअरडम्पसीटीएल (पडलेल्या प्रोग्रामच्या नोंदी दाखवणारी कमांड) असेल तर त्यात क्रॅशची नोंद बहुतेक पडलेली असते. डीबग सिम्बॉल (कोडमधली नावं दाखवणारी माहिती) टाका, बॅकट्रेस (पडताना कोणकोणती फंक्शन चालू होती त्याची यादी) काढा आणि बग पॉवर मॅनेजरवाल्यांकडे टाका, कर्नलवाल्यांकडे नाही.