छायाचित्रातील अंशतः धूसरीकरण व तीक्ष्णीकरण

अंकीय छायाचित्रातील ठरावीक भागाचे सिलेक्शन (निवड) करून तेवढाच भाग ब्लर (धूसर) किंवा शार्प (तीक्ष्ण) करणे ही छायाचित्र-संपादनातील प्राथमिक प्रक्रिया आहे. पार्श्वभूमी धूसर करून व्यक्तीला उठाव देणे आणि चेहऱ्यातील डोळे व पापण्या रेखीव करणे हे तिचे नेहमीचे उपयोग होत.

तीक्ष्णीकरणाची सर्वांत रूढ पद्धत, अनशार्प मास्क, संगणकाच्या आधीची आहे. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली फिकी पॉझिटिव्ह प्रत मूळ निगेटिव्हला जोडून छपाई केली, की मोठ्या क्षेत्रांतील उजेड-अंधाराची तफावत घटते; बारीक तपशील धूसर प्रतीत नसल्यामुळे तो मात्र शाबूत राहतो व अधिक कॉन्ट्रास्टच्या (उजेड-अंधारातील तफावतीच्या) कागदावर ठळक उमटतो. या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः १९३० च्या सुमारास क्ष-किरण चित्रांवर काम करणाऱ्या श्पीगलर व युरिस यांच्याकडे दिले जाते, तर काही लेखक १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जे. ए. सी. यूल यांच्या निबंधापासून तिचा आरंभ मानतात. आधीच्या दोघांचा मुख्य रोख तीव्र निगेटिव्हमधील तफावत आटोक्यात आणण्यावर असावा. छापील प्रतीतील रेखीवपणा वाढवणे हाच हेतू धरून मांडणी यूल यांनी केली. त्यामुळे मास्कचे, म्हणजे जोडायच्या धूसर प्रतीचे, श्रेय पहिल्या दोघांना व तीक्ष्णीकरणाचे यूल यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १९७० च्या दशकात खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मालिन यांनी खगोलीय छायाचित्रांतील अंधूक रचना उकलण्यासाठी हेच तंत्र वापरले.

संगणकावर हीच क्रिया वजाबाकीने होते. कडेच्या दोन बाजूंच्या पिक्सेलांची (चित्राच्या सूक्ष्म ठिपक्यांची) उजळपणाची मूल्ये १०० व १५० असून गॉसियन ब्लरनंतर (जवळच्या पिक्सेलांना अधिक वजन देणाऱ्या सरासरीने धूसर केल्यावर) ती १२० व १३० झाली, तर मूळ मूल्यांतून ही वजा करून उरणारे −२० व +२० हे फरक मूळ मूल्यांत मिळवले जातात आणि ८० व १७० ही नवी मूल्ये येतात. ५० चा फरक ९० होतो, म्हणून कड धारदार भासते. हरवलेला तपशील मात्र परत येत नाही. या साधनातील तीन नियंत्रणांपैकी अमाउंटने हा फरक किती पटीने मिळवायचा ते ठरते, रेडियसने ब्लरची व्याप्ती आणि थ्रेशोल्डने किती लहान फरक सोडून द्यायचे ते. रेडियस वाढवल्यास कडेलगत पांढुरकी प्रभा दिसू लागते, आणि थ्रेशोल्ड शून्यावर ठेवल्यास त्वचेची रंध्रे व नॉइजही (चित्रातील नको असलेले बारीक ठिपके) उठून येतात. डोळ्यांपुरते सिलेक्शन करण्याचे कारण हेच.

लॅसो या साधनाने हाताने घेरून, मॅग्नेटिक लॅसोने कडेचा माग घेत किंवा मॅजिक वाँडने सारख्या रंगाचे पिक्सेल उचलून सिलेक्शन करता येते. सिलेक्शनची हद्द फेदरने (कड हळूहळू विरळ करणाऱ्या सोयीने) मऊ केली नाही, तर बदललेला भाग कापून चिकटवल्यासारखा दिसतो. लेयर मास्क (लेयरचा म्हणजे थराचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) वापरल्यास मूळ चित्राला धक्का लागत नाही व हद्द नंतर ब्रशने सुधारता येते, म्हणून नवशिक्यांनी तोच मार्ग धरणे श्रेयस्कर.

पार्श्वभूमी ब्लर करताना नेहमी आढळणारा दोष रंग झिरपण्याचा होय. ब्लर शेजारच्या पिक्सेलांची भारित सरासरी काढत असल्याने लाल सदऱ्यातील व्यक्तीभोवती तांबूस वलय उमटते. त्यासाठी पार्श्वभूमीच्या वेगळ्या लेयरवरून व्यक्ती आधी पुसून ती जागा भोवतालच्या रंगाने भरतात, आणि मगच ब्लर देतात. सर्वत्र सारखाच ब्लर देणे भिंगाच्या स्वाभाविक धूसरतेशी जुळत नाही. व्यक्तीच्या पायाखालची जमीन मागे जाईल तशी क्रमाने धूसर व्हावी लागते व तेथे ग्रेडियंट (क्रमाने फिका होत जाणारा) मास्क वापरतात. तीक्ष्णीकरण सहसा चित्राचा अंतिम आकार ठरल्यावर केले जाते.