माशीवरची चमक आणि सरकलेला नेम

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पुष्कळ घरांत मुले चांदमारीच्या, म्हणजे लक्ष्यावर गोळी मारण्याच्या सरावाच्या गोष्टी ऐकतच मोठी होतात. सकाळी अचूक बसणाऱ्या गोळ्या दुपारी एकाच बाजूला जाऊ लागल्याची गोष्ट त्यांत हमखास असते. रायफल तीच, हातही तोच. जागा बदललेली असते ती सूर्याने.

नेम धरण्यासाठी रायफलीच्या नळीच्या टोकावर जो छोटा पोलादी उंचवटा असतो तो माशी म्हणजे फोरसाइट आणि डोळ्याजवळची खाच म्हणजे बॅकसाइट. नेम धरताना माशी नेमकी कुठे आहे, हे डोळा तिच्या कडांवरून ठरवतो. वर्षानुवर्षांच्या वापराने या कडांवरचा काळा मुलामा झिजतो आणि खालचे गुळगुळीत पोलाद उघडे पडते, जे अंगावर आलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून अधिक आरशासारखा परतवते. ऊन उजवीकडून आले की माशीची उजवी कड उजळून मागच्या लक्ष्याच्या पांढऱ्या कागदात मिसळून जाते, आणि उरलेला काळा भाग हीच पूर्ण माशी असे डोळा धरून चालतो. तो भाग खाचेच्या मधोमध आणला की खरी माशी उजवीकडे सरकलेली असते, म्हणून गोळीही उजवीकडे जाते. मागची बाजू गडद असेल, तर मात्र चकाकणारी कडच माशी वाटते आणि चूक नेमकी उलट, म्हणजे डावीकडे होते. म्हणूनच ‘ऊन या बाजूला, तर नेम त्या बाजूला’ असा सरसकट नियम पाठ करणे मला धोक्याचे वाटते.

ही चूक किती मोठी असते? दोन्ही साइटमधले अंतर 500 मिलिमीटर धरले आणि माशी अवघी अर्धा मिलिमीटर सरकली, तर 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला लागते.

बेळगावात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 51 अंशांवर असतो, त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून झोपलेल्या नेमबाजाच्या माशीची उजवी कड तापते आणि चमकते. मेच्या सुरुवातीला तोच सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. मग माशीचे टोक उजळते, पांढऱ्या कागदासमोर माशी बुटकी दिसते, नेमबाज ती नकळत वर उचलतो आणि गोळी उंच जाते.

यावरचा जुना उपाय आपल्या घरात ओळखीचाच आहे. दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे पालथे धरून काजळ जमवतात, तसेच नेमबाज माशीवर कापराची काजळी धरतात. त्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून काडतुसे दूर ठेवायची आणि माशीवरचे तेल कोरड्या चिंधीने पुसून काढायचे, कारण तेलाचा पातळ थरसुद्धा चमकतो. कापराच्या एका रेणूत कार्बनचे 10 अणू असतात. ज्योतीत त्या सगळ्यांना पुरेल इतका ऑक्सिजन पोचत नाही आणि न जळलेला कार्बन अतिसूक्ष्म कणांच्या पोकळ गुंत्यांच्या रूपाने माशीवर बसतो. त्या गुंत्यात शिरलेला प्रकाश कणाकणांवर आदळत आतच जिरतो. काळ्या चकचकीत रंगाला हे साधत नाही, कारण रंग काळा असला तरी त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. काही रायफलींच्या माशीवर टोपणासारखे नळकांडे असते, तर काहींच्या माशीची डोळ्याकडची बाजू किंचित मागे झुकवलेली असते, म्हणजे ती स्वतःच्याच सावलीत राहते.

काजळी धरल्यावर माशीला बोट लावू नये. ओझरत्या स्पर्शानेही तो मखमली थर दबून सपाट होतो आणि बोट लागले तिथे पोलाद पुन्हा लकाकू लागते.