सावरक्राउट: नावातला आंबटपणा येतो कुठून

जर्मन भाषेत दोन शब्द चिकटवून तिसरा करायची पद्धतच आहे आणि सावरक्राउट, म्हणजे मीठ लावून आंबवलेला कोबी, हा त्यातला जगभर पोचलेला शब्द. सावर म्हणजे आंबट. क्राउट म्हणजे खरं तर पाला, वनस्पती, पण दक्षिण जर्मनीत नुसतं क्राउट म्हटलं तरी कोबीच समजतात. उत्तरेकडे कोबीला कोल म्हणतात, तो लॅटिन काउलिस म्हणजे देठ यावरून आला, आणि त्याच काउलिसपासून पोर्तुगीज कोव्ह झाला आणि तिथून आपला कोबी! म्हणजे कोल आणि कोबी चुलत भाऊच निघाले, मला हे फार भारी वाटतं.

आता आंबटपणा. यात व्हिनेगर अजिबात नसतं. कोबी बारीक चिरायचा, वजनाच्या साधारण 2 ते 2.5 टक्के मीठ लावून चांगला चुरायचा, मग त्याला स्वतःचंच पाणी सुटतं, आणि बरणीत इतका दाबून भरायचा की पाणी वर आलं पाहिजे कारण हवा लागली की बुरशी धरते. पुढचं सगळं बॅक्टेरिया करतात आणि ते बाहेरून घालावे लागत नाहीत, पानांवर असतातच. आधी ल्युकोनोस्टॉक कामाला लागतो (हाच इडलीच्या पिठातही असतो), साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून सुरुवातीला बुडबुडे येतात. ॲसिड वाढलं की त्याला ते झेपत नाही, मग जास्त आंबट सोसणारे लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात.

असा कोबी महिनोन् महिने टिकतो आणि त्यात व्हिटॅमिन सी पण बऱ्यापैकी राहतं. म्हणून 1768 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने तो स्कर्व्हीवर (व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार) उपाय म्हणून एंडेव्हर जहाजावर भरून नेला. खलाशी आधी तोंड लावेनात, तर त्याने काय केलं, रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि बाकीच्यांना म्हणाला खा नाहीतर राहू द्या. आठवडा व्हायच्या आत मागणी इतकी वाढली की रेशन लावायला लागलं. डायरीत त्याने पहिला अर्धा शब्द सरळ इंग्लिश करून टाकला, जर्मन sauer च्या जागी इंग्लिश sour.

फ्रेंचांनी मात्र कमालच केली. जर्मनीला लागून असलेल्या फ्रान्सच्या अल्सास भागातल्या जर्मन बोलीत याला सुरक्रुट म्हणायचे, फ्रेंच कानांना ते शुक्रूत ऐकू आलं, आणि फ्रेंचमध्ये शू म्हणजे कोबी! त्यामुळे कोबी शब्दाच्या पहिल्या भागात आहे असं तिथे वाटतं, पण मुळात तो भाग म्हणजे 'आंबट', कोबी मागच्या क्रूतमध्ये आहे.